पिशवीतला त्रिकोण

पिशवीत हात घालायचा, आत बघायचं नाही, आणि हाताला जे लागलं ते काय आहे ते सांगायचं. खेळ एवढाच. पिशवी जुन्या लुगड्याची, तोंडाला नाडी. आत लाकडाचे तुकडे. गोल, चौकोन, त्रिकोण, आणि एक लांबोडा चौकोन, ज्याला पुस्तकात आयत म्हणतात. अंगणवाडीतली पोरं हात घालतात, डोळे घट्ट मिटतात, काही तर जीभ बाहेर काढतात, आणि मग म्हणतात, गोल. काढून बघतात तर गोलच. त्या वेळचं त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं. म्हातारपणी मी त्या तोंडांसाठी लाकूड घासत आलो.

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की बाबा, तुमच्या कामाचं लिहा. मी विचारलं, दारं-खिडक्यांचं लिहू का? ते म्हणाले, ते नको, पोरांच्या खेळण्यांचं लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, मी शुद्धलेखन तपासून देते. तिला म्हणलं, हात लावायचा नाही. आहे तसं छापत असतील तर छापतील, नाहीतर परत पाठवतील. अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर त्याचा दोष मात्र शाळेला देऊ नका. माझी बोटं मेली आहेत. पेन बोटांत आहे का सुटलं, हे मला आता बघून ठरवावं लागतं. त्या बोटांचं सांगायचं आहे, आणि प्रज्ञा नावाच्या एका पोरीचं, जिनं माझ्यामुळं पिशवीत हात घालणं सोडलं. तिनं तो परत घालावा म्हणून मी सालभर झटलो. पण मुळात काम काय होतं ते कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही, म्हणून ते आधी.

मी पिंपरी पेंढारचा. माझ्या लहानपणी गावातल्या सुतारानं आमच्या वस्तीतल्या पोराच्या हातात रंधा दिला नसता. मी मागितलाही नाही. जुन्नरला लाकडाच्या वखारीत हमाली धरली आणि ओझी वाहता वाहता बघून शिकलो. पुढं त्याच गावात माझ्या हातची औतं, कुळव, पेरणीच्या पाभरी चालल्या, आणि त्या सुताराचा मुलगा माझ्याकडं पाभरीचं नळं बसवून घ्यायला आला. मी बसवून दिलं, चहाही पाजला. मग ट्रॅक्टर आले, औतं गेली. मी दारांच्या चौकटी धरल्या. मग लोखंडाच्या आणि प्लास्टिकच्या चौकटी आल्या. तेही गेलं. पोरगा म्हणाला, दादा, आता बसून खा. बसून खाणारा माणूस मी नव्हे.

सून सुरेखा अंगणवाडीत सेविका. आधी अंगणवाडी वस्तीतल्या विहारात भरायची, आता स्वतःची खोली आहे. खोलीमागं उसाचा फड. पूर्वी पोरं अंगणात वाळूत बसून बोटानं गोल काढायची, रांगोळी ओढायची. बिबट्याचं येणंजाणं वाढलं तसं ते बंद झालं. दाराला कडी लावून पोरं आत. बाहेरची वाळू आत कशी आणायची हा सुरेखाचा प्रश्न होता, तर मी तिला कडेला उंच पट्टी असलेला लाकडी ट्रे करून दिला. त्यात वाळू, कधी नाचणीचं पीठ, कधी नुसता कोंडा. पोरं त्यात बोट फिरवून चौकोन काढायची. माझं पहिलं काम ते.

दुसरं काम मी न सांगता केलं. सुरेखा बिस्किटाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे आकार कापायची. पोरांचं काय, हातात आलं की तोंडात. आठवड्यात त्रिकोणाची टोकं लाळेनं विरघळायची आणि त्रिकोण, चौकोन, गोल सगळे एका जातीचे व्हायचे. मी एकदा बघितलं आणि म्हणलं, ही पोरं चोथा चघळून काय शिकणार? घरी येऊन चौकटींचे उरलेले तुकडे काढले. चौकोन केला बाभळीचा, कारण बाभळीचा तुकडा तसा हाती लागला. गोल केला शिवणीचा. त्रिकोण लिंबाचा. झकास झाले. सुरेखानं नेले, आणि चार दिवसांत पोरं डोळे मिटून एकही चूक न करता सांगायला लागली. मी वस्तीत मिरवून घेतलं.

मग एक दिवस सुरेखा जेवताना म्हणाली, "मामा, एक सांगू का? रागावू नका."

मी म्हणलं, सांग.

"पोरं आकार वळखतच न्हाईत. जड लागलं की चौकोन म्हणत्यात. हलकं लागलं की गोल. आन् त्रिकोणाचा तर वास घेत्यात."

मी जेवण संपवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर खरंच. बाभूळ जड, शिवण हलकी, लिंबाला कडवट वास. एका पोरानं पिशवीला नुसतं नाक लावून त्रिकोण सांगितला. मग मीच एक चाचणी घेतली. शिवणीचा चौकोन करून आत टाकला. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, गोल.

तेव्हा मला हे काम काय आहे ते उमगलं. सगळं सारखं पाहिजे. लाकूड एक, जाडी एक, वजन एक, तेल एक, वास एक. फरक असेल तर कडेला. पोराच्या बोटाला कडेशिवाय दुसरा आधारच ठेवायचा नाही. त्रिकोणाचं अंग लहान, तर तो थोडा मोठा कापायचा, म्हणजे हातावर गोलाइतकाच भरतो. मी किराण्याच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन तुकडे तोलायचो. दुकानदार विचारायचा, बाबा, सोनं हाय का? मी म्हणायचो, सोनं तुझ्या काट्यावर कशाला आणू?

लाकूड शिवणीचं. रंग लावायचा नाही, पॉलिशही नाही, कारण ते पोटात जाणार. शेवटी शेंगदाण्याचं तेल चोळायचं. आधी कानस, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, आणि शेवटी वापरून वापरून गुळगुळीत झालेला जुना. कोपऱ्याचं काम अवघड. कोपरा फार मारला तर त्रिकोण गोलाकडं झुकतो आणि पोराचं बोट फसतं. नाही मारला तर टोचतो. म्हणजे कळला पाहिजे पण लागला नाही पाहिजे. त्यातही त्रिकोणाचं एक टोक असं येतं की तिथं लाकडाच्या रेषा तुटतात, आणि कुसळ निघायचं तर तिथूनच निघतं. ते कुसळ डोळ्याला दिसत नाही. बोटालाच दिसतं. म्हणून शेवटची तपासणी डोळे मिटून करायची. बोटाचं टोक कडेवरून आधी इकडून तिकडं, मग उलटं. बोट कुठं अडलं नाही म्हणजे तुकडा झाला. माझी ही तपासणी वखारीतल्यापासूनची. तिच्यावर मी कधी कुणाला बोलू दिलं नाही.

बोलबाला झाला तशी बाहेरून माणसं यायला लागली. आळेफाट्याकडच्या एका इंग्रजी बालवाडीच्या मॅडम गाडी घेऊन आल्या. त्यांना बदाम पाहिजे होता, चांदणी पाहिजे होती आणि डायमंड. मी विचारलं, डायमंड म्हणजे कसा? त्यांनी कागदावर काढून दाखवला. मी माझा चौकोन घेतला आणि टोकावर उभा धरला.

"घ्या, हा डायमंड."

"अंकल, तो स्क्वेअर आहे."

"आडवा धरला की चौकोन. मगाशी उभा व्हता."

त्या म्हणाल्या, डायमंड जरा लांबट असतो. मी म्हणलं, मग तो चेपलेला चौकोन झाला, चेपलेली वस्तू मी विकत नाही. सुरेखा आतून खुणा करत होती की करून टाका. मी काही ऐकलं नाही. मॅडम हसत हसत बदाम आणि चांदण्या घेऊन गेल्या, आणि डायमंड त्यांनी बहुतेक दुकानातून आणला असेल. पिशवीत हात घातलेल्या पोराला उभं काय आणि आडवं काय, हे माझं म्हणणं अजून आहे. सुरेखाचं म्हणणं, गिऱ्हाईक गेलं.

आणे गावाहून एका सेविकेनं तक्रार धाडली की तुकडे तडकले. आण्याच्या पठारावरचा वारा कोरडा. लाकडात जरा ओल राहिली तर ते तिथं उघडं पडतं. मी ते सगळे परत आणले, नवे दिले, आणि तेव्हापासून लाकूड सावलीत एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठेवल्याशिवाय करवत लावली नाही. आण्याचं हे लक्षात ठेवा. पुढं मी त्याचाच आडोसा घेतला.

सगळ्यात आवडीची वाडी म्हणजे घोडेगावच्या पुढं डोंगरातली. नाव सांगत नाही, तिथल्या हिराबाई सेविकेला आवडायचं नाही. घोडेगावच्या स्टँडवरून दुपारची एसटी धरायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरून चढायचं. तिथल्या एका पोराला मी सहज विचारलं, ह्यातलं तुमचं शेत कसं हाय, दाखव बरं. आमच्याकडच्या पोरांना विचारलं तर ती आयत दाखवतात. बांध सरळ, वाफे सरळ. त्या पोरानं सगळी पिशवी चाचपली आणि म्हणालं, "ह्यात न्हाईच." हिराबाई हसली. तिनं बाहेर नेऊन भाताची खाचरं दाखवली. डोंगराच्या पोटाला चिकटलेली. एक बाजू सरळ, दुसरी पोट सुटल्यासारखी, आणि दोन्हीकडं निमुळती होत गेलेली. मी परत आलो आणि तसा एक तुकडा केला. पुढच्या खेपेला त्याच पोराच्या हाताला तो लागला. त्यानं काढला, खिशात घातला आणि घरी घेऊन गेलं. मी दुसरा केला. तो दुसऱ्या कुणी नेला. मी पाठवत राहिलो, ते जात राहिले. हिराबाई म्हणाली, "बाबा, आता मोठी माणसंच राहिलीत बिनखाचराची, त्यांना बी आणा." असा मान मला दारं-खिडक्यांत कधी मिळाला नाही.

आता बोटांचं.

साखर मला बरीच वर्षं आहे. गोळी घेतो, गूळ सोडला नाही. चहाचा गरम पेला हातात धरला तरी भाजायचं नाही, तेव्हा मी म्हणायचो, काम करणाऱ्याचे हात असेच असतात. पटाशीनं बोट कापायचं आणि लाकडावर लाल दिसल्यावर मला कळायचं. तेही मी म्हणायचो, धार चांगली आहे. आणि एक गंमत व्हायला लागली. माझं काम फार गुळगुळीत व्हायला लागलं. पूर्वी एका तुकड्याला चारदा पॉलिश पेपर फिरवावा लागायचा, आता एकदोनदा फिरवला की बोट कुठं अडायचंच नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हात बसला. मी सुरेखाला म्हणलं सुद्धा, की सत्तरीच्या पुढं कारागीर पिकतो. तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

प्रज्ञा म्हणजे शेजारच्या यमुनाबाईची नात. चार वर्षांची, सावळी, दोन शेंड्या. आई-बाप चाकणला कंपनीत, पोरगी आजीकडं. पिशवीच्या खेळात तिच्यासारखं पोर मी बघितलं नाही. हात पुरता आत जायच्या आधी ती आकार सांगायची. इतर पोरं घाबरायची. आमच्याकडं पोरांना पहिली शिकवण हीच असते की उसात जाऊ नको, अंधारात हात घालू नको, बिळात घालू नको. ते बरोबरच आहे. पण मग न दिसणाऱ्या जागी हात घालून तो धड बाहेर येतो, हे पोराला कुठं कळणार? ते माझ्या पिशवीत कळायचं. माझ्या मतानं त्या पिशवीत खरं शिकण्यासारखं तेवढंच होतं. गोल-चौकोन तर पोरं भाकरी आणि पाट बघूनही शिकतात. प्रज्ञा हात घालायची ती कोपरापर्यंत, हसत.

नव्या तुकड्यांचा एक संच मी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीत हात घातला आणि तसाच ओढून काढला. अंगठ्याच्या बुडाशी कुसळ गेलं होतं. त्रिकोणाचं. सुरेखानं सुईनं काढलं, पण अर्धं आत राहिलं. हात सुजला, पू झाला. दवाखान्यात चिरून काढावं लागलं. पोरगी आवाज बसेपर्यंत रडली, असं यमुनाबाईनं सांगितलं. मी तिथं नव्हतो.

संध्याकाळी सुरेखानं माझे सगळे तुकडे घरी आणले आणि माझ्यासमोर एकेक करून स्वतःच्या गालावर फिरवले. गालाला अडला की बाजूला. बाजूचा ढीग मोठा झाला.

मी म्हणलं, लाकूड तडकलं असंल. आण्याच्या वाऱ्यानं तडकलं व्हतं तसं.

"मामा, आपन आण्यात न्हाई ऱ्हात."

मी म्हणलं, हवा बदलली आहे सगळीकडंच.

"हात बघू तुमचे."

मी हात मागं घेतले. ती उठून उभी राहिली. माझ्यापुढं पदर सावरून बोलणारी बाई ती, पण त्या दिवशी पदर खांद्यावरच होता.

"घरात मी तुमची सून हाये. तितं मी सेविका हाये. ह्याच्यापुढं मी तपासल्याबिगर तुमचं लाकूड एकाबी पोराच्या हातात जायाचं न्हाई."

मी चार-आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. ताट ओट्यावर घेऊन जेवलो. पोरगा मधे पडायला आला, त्याला म्हणलं, तू तुझी गाडी पूस. ती मात्र रोज ताट आणून ठेवायची, आणि ताटात गोड नसायचं. डॉक्टरांकडं तिनंच नेलं. ते माझ्या बोटांना काहीतरी टोचत होते आणि विचारत होते, कळतंय का, कळतंय का. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो. त्यांनी टोचणं थांबवलं तरी मी एकदा हो म्हणलं. मग त्यांनी सुरेखाकडं बघून गोळ्या लिहिल्या.

काम मी सोडलं नाही. गाल अजून जिवंत आहे. आता रोज सकाळी दाढी करतो, कारण खुंट वाढले तर लाकडाचं खरं कळत नाही. लोक म्हणतात, म्हातारा नटायला लागला. तुकडा आधी गालावर, मग खालच्या ओठावर फिरवतो. मग तो सुरेखा परत तिच्या गालावर फिरवते. मी तिकडं बघत नाही. बहुतेक वेळा ती तुकडा पिशवीत टाकते. कधी कधी एखादा माझ्या बाकड्यावर परत येतो.

पण प्रज्ञा पिशवीजवळ येईना. नुसती पिशवीच नाही. यमुनाबाई सांगायची की पोरगी बिस्किटाच्या डब्यातसुद्धा हात घालत नाही. डबा जमिनीवर पालथा करते आणि पडलेलं बिस्कीट उचलून घेते. फ्रॉकच्या खिशात हात घालत नाही. दप्तरातली पाटी आजीला काढायला लावते.

"तुमी मनाला लावून घेऊ नगा," यमुनाबाई म्हणाली. "पोरांची जात हाय. इसरंल."

ती विसरली नाही. मी जाळीची खिडकी लावलेली पिशवी केली. तिनं खिडकीतून बघितलं, आकार बरोबर सांगितले, हात घातला नाही. तुकड्यांबरोबर आत चॉकलेट टाकलं. तिनं पिशवी पालथी केली, चॉकलेट खाल्लं, तुकडे पायानं माझ्याकडं सारले. मी आकारांच्या चरी खोदलेली पाटी केली, उघडी, उजेडातली, बोट नुसतं चरीतून फिरवायचं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काडी आणून काडीनं चर गिरवली. बरोबर गिरवली. तिच्या हुशारीला काही झालं नव्हतं.

दरम्यान अंगणवाडीत प्लास्टिकच्या आकारांची पेटी आली. लाल, पिवळे, निळे. गुळगुळीत, कुसळ निघायचा प्रश्न नाही. पोरं खूश. वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. हातात घेतले की आपले कुणीच नाहीत असे लागतात, एवढंच. पण माझ्या हाताचं आता कोण खरं धरतो? सुरेखानं पेटी वरच्या फळीवर ठेवली आणि पिशवी खालच्या खिळ्यालाच राहू दिली. हे तिनं मला सांगितलं नाही. मी बघितलं.

प्रज्ञा पहिलीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी सुरेखा आणि मदतनीस बाई खिचडी वाढायच्या तयारीत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो, पिशवी मांडीवर. पिशवी माझ्या मंडळीच्या शेवटच्या लुगड्याची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आणि धुऊन धुऊन कापड इतकं पातळ झालं आहे की उजेडापुढं धरलं तर पलीकडचं दिसावं. प्रज्ञा आली आणि हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसली. मी तिला बोलावलं नाही. आपणच पिशवीत हात घातला.

"काय हाय आत?" तिनं विचारलं.

मी मनात म्हणलं, आता जमलं. आकार सांगायचा, काढून दाखवायचा, हात धड बाहेर आला ते तिनं बघायचं. एक तुकडा धरला. धरला आहे हे मनगटाला कळत होतं. बोटं कडेवरून फिरवली. सगळं गुळगुळीत. कुठंही काही नाही. वजनावरून सांगावं तर सगळ्यांचं वजन सारखं, मीच तोलून केलेलं. वासावरून सांगावं तर लाकूड एक, तेल एक.

"सांगा की, आजोबा."

"थांब जरा."

"येत न्हाई व्हय?"

डॉक्टरांना मी सांगितलं नव्हतं, पोराला सांगितलं नव्हतं, सुरेखाला तर नाहीच.

"न्हाई येत," मी म्हणलं.

ती सरकत जवळ आली. पिशवीच्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही. दोन्ही हातांनी बाहेरूनच, कापडावरून, माझ्या मुठीवर चाचपायला लागली.

"तिरकोन हाय," ती म्हणाली. "ह्ये टोक, ह्ये टोक, आन् ह्ये टोक." मग तिचा हात पुढं सरकला. "आन् ह्ये तुमचं बोट."

तिनं कापडावरूनच माझ्या बोटाला चिमटा काढला, नखं लावून, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"दुखतंय का?"

"न्हाई."

तिनं आणखी जोर लावला. "आता?"

"न्हाई गं."

तिनं बोट सोडलं. स्वतःचा तळवा उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी राहिलेला पांढरा व्रण बघितला.

"मला लई दुखलं व्हतं," ती म्हणाली, आणि उठून खिचडीच्या पंगतीत जाऊन बसली.

मी पिशवीतून हात काढला. त्रिकोणच होता. बोटावर तिच्या नखांच्या दोन खुणा उठल्या होत्या. त्या मला बघून कळल्या.